पणजोबाचा पुरावा मागता, पण पणजोबाचे नाव लिहिले कुठे?

जातवैधतेच्या अर्जासोबत वंशावळीचे शपथपत्र जोडावे लागते. अर्जदार, त्याचे वडील, आजोबा, पणजोबा, चुलते, चुलत आजोबा अशी सगळी नावे लिहायची आणि मग पुरावे लावायचे. अनुसूचित जातीसाठी पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. प्रवेशाच्या हंगामात विदर्भातल्या कोणत्याही तहसील कार्यालयात जा. हातात पिशवी घेतलेले बाप आणि पाठीवर बॅग असलेली पोरे तिथे पणजोबा शोधत असतात.

वंशावळ ही गोष्ट या देशात नवी नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सवर्ण घराण्यांच्या पिढ्या ओळीने लिहिलेल्या आहेत. देशमुख-देशपांड्यांच्या वतनाच्या सनदा आहेत, महजर आहेत, कुलवृत्तांत छापलेले आहेत. ती नावे लिहिली गेली, कारण त्या नावांवर जमीन, मान आणि दक्षिणा चालत होती. आपल्या पूर्वजांना त्या घाटावर जागा नव्हती, म्हणून त्या वहीत ओळही नव्हती. नाशिकच्या काळाराम मंदिरात शिरण्यासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, तिथे आपल्या आजोबांचे नाव वहीत कोण लिहिणार होते?

तेव्हा प्रश्न सरळ आहे. ज्यांची वंशावळ लिहून ठेवलेली आहे त्यांना ती कोणी मागत नाही. ज्यांची लिहूच दिली नाही त्यांना मात्र ती कागदासह सिद्ध करावी लागते. खोटे दाखले घेणाऱ्यांना पकडलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. २००० चा जातप्रमाणपत्र कायदा त्यासाठीच आला. वाद आहे तो पुराव्याचा बोजा कोणावर आणि दप्तराची किल्ली कोणाकडे, याचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या बौद्ध कुटुंबाने आपले पूर्वज शोधायचे ठरवले तर हाती काय लागते, ते या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू.

जनगणनेत आकडा आहे, माणूस नाही

पुष्कळांना वाटते की इंग्रजांनी जनगणना केली, तिच्यात जात लिहिली, म्हणजे आपल्या खापरपणजोबाचे नाव तिथे सापडेल. तसे होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेतले पाहिजे.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. इथली पहिली खानेसुमारी १८६७ ची. तेव्हा साऱ्या वऱ्हाडाची लोकसंख्या सुमारे २२ लाख भरली. १८७० साली लायलने वऱ्हाडचे गॅझेटियर काढले. पुढे १८८१ च्या वऱ्हाड जनगणनेचा अहवाल युस्टेस किट्सने लिहिला. मग १८९१, १९०१ आणि १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडल्यावर १९११, १९२१, १९३१ असे संयुक्त अहवाल. या सगळ्यांत जातींचे तक्ते आहेत. कोणत्या जिल्ह्यात महार किती, मांग किती, चांभार किती, गोंड, कोलाम, आंध, बंजारा किती. त्यांत पुरुष किती, बाया किती, लिहिता-वाचता येणारे किती. पण एकाही पानावर माणसाचे नाव नाही. घरोघरी भरलेल्या चिठ्ठ्यांवरून बेरीज झाली की चिठ्ठ्या नष्ट करत. राहिली ती बेरीज.

आणि आज एखादी मूळ नोंद कुठे शिल्लक असली तरी तुम्हाला ती पाहता येणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणून चालत नाहीत. इंग्लंडमध्ये शंभर वर्षे झाली की जनगणनेचे मूळ कागद खुले होतात. १९२१ चे कागद तिथे २०२२ साली लोकांसमोर आले. अमेरिकेत ७२ वर्षांची मुदत आहे. १९५० ची जनगणना तिथे २०२२ च्या एप्रिलमध्ये खुली झाली. तिकडचा माणूस घरबसल्या पणजोबाचे घर, धंदा, पोरांची वये पाहतो. आपल्याकडे मोजणी झाली ती राज्य चालवण्यासाठी. मोजलेल्या माणसाला ती परत द्यायची असते हा विचारच नव्हता.

मग जनगणना निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. एका कुटुंबाचा इतिहास तिच्यात मिळत नाही, पण समाजाचा मिळतो. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर उतरली. मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले. तुमच्या घरात ‘पणजोबाला सहा भावंडे होती, राहिला एकटाच’ असे सांगत असतील तर त्या वाक्याचा संदर्भ या तक्त्यात आहे. दुष्काळात कोण आधी मेले हे समजायला फार बुद्धी लागत नाही. ज्याच्या घरात कणगी नव्हती तो आधी मेला.

बाबासाहेबांनी जनगणना अशीच वाचली. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी १९११ च्या जनगणनेतल्या दहा कसोट्या पुढे ठेवल्या: ब्राह्मणांचे वर्चस्व न मानणारे, ब्राह्मणाकडून मंत्र न घेणारे, देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नसलेले वगैरे. सरकारने मोजणीसाठी केलेली यादी त्यांनी इतिहासाचे साधन बनवली. १९३२ साली लोथियन समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न आला तेव्हा कालपर्यंत अस्पृश्यांना शिवू न देणारे पुढारी अचानक म्हणू लागले की आमच्या प्रांतात अस्पृश्य फारसे नाहीतच. बाबासाहेबांनी हा डाव ओळखला. आकडा कमी झाला की वाटा कमी होतो. म्हणून जनगणनेचा आकडा हा आपल्यासाठी हक्काचा प्रश्न आहे. मात्र त्यातून वंशावळ निघत नाही, हे दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवले पाहिजे.

एक घर, चार राज्ये

यवतमाळ जिल्ह्यात शोध घेणाऱ्याने आधी नकाशा नीट पाहावा. इंग्रजी अमदानीत या जिल्ह्याचे नाव ‘वणी जिल्हा’ होते, कचेरी यवतमाळला. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा नाव यवतमाळ झाले आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यातून इकडे आला. म्हणजे पुसद-उमरखेडकडच्या कुटुंबाने १९०५ आधीचे तक्ते आणि कागद वाशीमच्या नावाखाली पाहायचे. यवतमाळच्या नावाखाली पाहिले तर काहीच मिळणार नाही.

पुढे १९५० पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाड, नंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होते. गाव हलले नाही, घर हलले नाही, पण एकाच दारात जन्मलेल्या चार पिढ्यांचे कागद चार राज्यांच्या शिक्क्यांचे आहेत. ‘हा कागद महाराष्ट्राचा नाही’ असे खिडकीतून ऐकावे लागले तर गोंधळून जाऊ नका. तेव्हा महाराष्ट्रच नव्हता.

कोतवाल बुक: नाव सापडते ते इथे

विदर्भात आपल्या पूर्वजांचे नाव लिहिलेले सापडण्याची खरी जागा म्हणजे गावची जन्म-मृत्यू नोंद, लोकांच्या भाषेत ‘कोतवाल बुक’. तहसीलच्या अभिलेख कक्षात ही बुके असतात आणि त्यांची नक्कल मिळते. जन्माची किंवा मृत्यूची तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू असेल तर कारण. जात स्पष्ट लिहिलेली असल्याने समितीपुढे या नोंदीला वजन आहे.

आता या बुकातली विटंबना पाहा. गावात कोणी जन्मले, कोणी मेले, तर ती वार्ता पोहोचवण्याचे काम गावकामगाराचे, आणि तो गावकामगार बहुतेक गावांत महारच. गावातल्या कोणत्याही जातीच्या घरी माणूस गेला तरी परगावच्या सोयऱ्यांना सांगायला तोच धावत जाई. सरणाची लाकडे तोच आणी. साऱ्या गावाचे मरण ज्याने पायी चालत नोंदवले, त्याला स्वतःला मात्र लिहिता येत नव्हते. लेखणी दुसऱ्याच्या हातात होती. म्हणून त्या हाताने जे लिहिले तेच आज आपले नाव.

हे लिखाण कसे आहे? ‘अमका वल्द तमका, महार.’ आडनाव नाही. कुठे ‘महार’, कुठे ‘म्हार’, कुठे ‘धेड’. वऱ्हाड-निजामाकडच्या सरकारी लिखाणात ‘धेड’ हा शब्द सर्रास येतो. तो वाचून रक्त तापते, पण शोधताना तो शब्दही डोळ्यांखालून घालावा लागतो, नाहीतर नोंद हातची जाते. कुठे नुसती पोटजात: सोमवंशी, लाडवण, आंधवण, बावणे, बारके, कोसरे. नावे अशी: दगडू, धोंडी, कचरू, उकंडा. आधीची लेकरे दगावली की पुढच्याला दगड-कचऱ्याचे नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर लागणार नाही, ही समजूत. ही नावे एकाच पानावर पाच-पाच वेळा येतात. यातला आपला धोंडी कोणता? बापाचे नाव, साल आणि भावंडांची नोंद जुळवूनच ते ठरते.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. जन्माची वार्ता बारशाआधीच दिली जात असल्याने पुष्कळ नोंदींत मुलाचे नावच नसते. ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढेच. आणि बाईचे काय? बायको, आई, लेक यांची नावे या दप्तरांत फार थोडी. वैधतेसाठी रक्तनाते मोजतात तेही वडिलांकडून. आजीचे माहेर, पणजीचे नाव हे कोणत्याच कागदात नसते; ते फक्त एखाद्या म्हातारीच्या तोंडी असते आणि तिच्यासोबत जाते. आपण वंशावळ काढतो तेव्हा निम्मे पूर्वज असेच गाळून टाकतो. निदान ही चूक तरी ब्राह्मणी व्यवस्थेच्या माथी मारून मोकळे होऊ नका. ती आपल्या हाताने सुधारता येते.

दुसरे साधन शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. या रजिस्टरचे मोल आंबेडकरी माणसाला सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढले, तो दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्याच कुटुंबाचे मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. सकपाळ ते आंबेडकर हा बदल साऱ्या जगाला ठाऊक आहे म्हणून कोणी शंका घेत नाही. आपल्याकडे गावावरून, गुरुजींच्या मर्जीवरून, धर्मांतरानंतर स्वेच्छेने आडनावे बदलली, त्या प्रत्येक बदलाचा पुरावा मात्र द्यावा लागतो. आणि ज्याला शाळेच्या ओट्यावरही बसू दिले नाही त्या आजोबाच्या शाळेचा दाखला त्याच्या नातवाकडे मागायचा, याला न्याय म्हणायचे की थट्टा?

तिसरे साधन फारसे कोणाला माहीत नाही. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरून गावोगावची ‘राष्ट्रीय नागरिक नोंदवही’ तयार करण्यात आली होती. तिच्यात घरवार माणसांची नावे आहेत. जनगणनेतून नावानिशी काही उरले असेल तर ते एवढेच. जिथे ती वही शाबूत आहे तिथे ती मागा. पण तिचा दुसरा चेहराही विसरू नका. आसाममध्ये याच १९५१ च्या वहीवरून आणि जुन्या मतदार याद्यांवरून पूर्वज सिद्ध करा म्हणून सांगितले गेले आणि २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांवर माणसे बाहेर राहिली. पूर्वजांचा कागद हा गरिबाच्या हाती हक्क असतो आणि राज्याच्या हाती दोरी असू शकते.

मसणवटीत दगड नाहीत

कागद संपले की माणूस जमिनीकडे वळतो. पूर्वज कुठे पुरले?

१९५६ पूर्वी महार कुटुंबांत मृताला पुरण्याचीच चाल मोठ्या प्रमाणावर होती. जाळायला लाकूड लागते आणि लाकडाला पैसा. ओढ्याच्या काठी, गावापासून दूर, सवर्णांच्या मसणवटीपासूनही वेगळी जागा. वर फार तर दगड-धोंडे रचायचे, म्हणजे कोल्ही-कुत्री उकरणार नाहीत. नाव कोरायचे नाही, कारण कोरायला अक्षर नाही आणि गवंड्याला द्यायला पैसा नाही. दोन पावसाळ्यांत खूण जाते.

याउलट कामठीला पाहा. १८२१ साली तिथे इंग्रजांची छावणी वसली. अशा छावण्यांच्या दफनभूमीत साध्या शिपायाच्या थडग्यावरही नाव, पलटण, वय, तारीख कोरलेली दिसते. शिवाय भारतात मेलेल्या युरोपीय माणसांच्या दफनविधीच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. साता समुद्रापलीकडून आलेल्या माणसाची वंशावळ त्याच्या नातवंडांना सापडते. इथेच जन्मून इथेच मेलेल्याची सापडत नाही.

आपली नावे दगडावर चढली ती कुठे? भीमा कोरेगावच्या स्तंभावर. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या नावांमध्ये ‘नाक’ प्रत्ययाची २२ नावे आहेत, म्हणजे ती महारांची. गावाने जे नाव उच्चारायला विटाळ मानला ते पलटणीच्या हजेरीपटामुळे दगडावर आले. दरवर्षी लाखो लोक त्या स्तंभापुढे उभे राहतात त्याचे एक कारण हेही आहे. ती आपली वाचता येणारी नावे आहेत.

आणि त्याआधीचा चोखोबा. बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणाराजा हे त्याचे जन्मगाव मानतात. मंगळवेढ्याला गावकुसाचे वेठीचे काम करताना भिंत कोसळून तो १३३८ साली मेला. कथा सांगते की नामदेवांनी ढिगाऱ्यातली हाडे कानाला लावून पाहिली आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबाची म्हणून उचलली. भाविक या कथेत भक्ती पाहतात. मला तिच्यात दुसरे दिसते. त्याच भिंतीखाली बाकीचेही मजूर मेले होते. त्यांची हाडे काही बोलली नाहीत, म्हणून त्यांची नावे इतिहासाला माहीत नाहीत. वेठीत मेलेल्याला ओळखायलाही देवाचे नाव घ्यावे लागले.

आज मसणवटीचा प्रश्न भावनेचा नाही, जमिनीचा आहे. धर्मांतरानंतर बौद्ध समाजात दहन रूढ झाले. जुनी दफनाची जागा वापरातून गेली की ती मोकळी दिसते. वऱ्हाडात आपण जिला ‘ई-क्लास’ म्हणतो त्या सरकारी जमिनीवर ती असते, सातबाऱ्यावर ‘दफनभूमी’ असा शब्द नसतो. शेजारच्या धुऱ्याने दरवर्षी दोन तास आत सरकायचे आणि दहा वर्षांत तिथे कपाशी उभी. इसापूर, अरुणावती, बेंबळा या प्रकल्पांच्या पाण्याखाली गावे गेली. वणी परिसरात कोळशाच्या खुल्या खाणींनी जमीन उलटी केली. घराचा मोबदला ठरला, झाडाचा ठरला. पूर्वजांच्या मातीचा पंचनामा कोणी केला?

कायदा इथे अगदी गप्प नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार दफन-दहनभूमीसाठी सरकारी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तर पुनर्वसित गावाला तिथल्या जातसमूहांच्या प्रथेनुसार दफन किंवा दहनभूमी द्यावी असे म्हटले आहे. म्हणजे माणूस मेल्यावरही जातीनेच मातीत जातो हे एकविसाव्या शतकातल्या कायद्यालाही ठाऊक आहे. मग त्या जातीची जुनी माती कागदावर चढवायला अडचण काय?

जगात हे आपल्यालाच भोगावे लागले का?

नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा शोध १८७० या सालाशी येऊन थांबतो. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती, पण तीत नाव मालकाचे. गुलामापुढे फक्त वय, लिंग आणि रंग. गुलामगिरी संपल्यावर १८७० साली त्यांची नावे जनगणनेत आली. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी माणसांची जुनी दफनभूमी सापडली. समाज रस्त्यावर उतरला, काम थांबवायला लावले, चारशेच्या वर अवशेष सन्मानाने पुन्हा पुरले आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. त्यांनी रडगाणे गायले नाही, मागणी केली.

आणखी एक उदाहरण आपल्याच भाषेच्या माणसांचे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून करार करून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांची नावे, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण हे सारे तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात आहे. त्यांचे वंशज त्यावरून मूळ गाव शोधतात. उसाच्या मळ्यात राबायला बोटीत चढलेल्याचे नाव टिकले. गावात राहून पाटलाच्या दारी राबलेल्याचे टिकले नाही. कारण मळेवाल्याला मजुराचा हिशोब द्यावा लागत होता. गावाला महाराचा हिशोब कोणालाच द्यायचा नव्हता.

आपल्याच जिल्ह्यातल्या पारध्यांचे पाहा. त्यांची नावे सरकारने लिहिली, पण गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पोलिसांच्या वहीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, वही गेली नाही. ज्यांना नाव मिळाले त्यांना ते असे मिळाले.

वंशावळ शोधणे म्हणजे कुळाचा अभिमान नव्हे

इथे आपल्यातलेच काही जण विचारतील: बाबासाहेबांनी जात मोडायला सांगितली, आपण बौद्ध झालो, आता महार म्हणून पूर्वज कशाला शोधायचे? प्रश्न प्रामाणिक आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते २,४८७. १९६१ साली ते २७,८९,५०१ झाले. दहा वर्षांत लाखो माणसांनी सरकारी रकान्यात स्वतःचे नाव स्वतः लिहिले, हे जगाच्या इतिहासात विरळच. पण त्याची किंमतही मोजली. केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क १९९० साली मिळाला, तोवर धर्म लिहिला की सवलत गेली. आजोबा ‘महार’, बाप ‘नवबौद्ध’, नातू ‘बौद्ध’ अशी साखळी तयार झाली आणि तिच्या प्रत्येक कडीवर आज शंका घेतली जाते.

सवर्णाची वंशावळ आपण कोणापेक्षा वरचे आहोत हे सांगते. आपली वंशावळ आपल्यावर काय लादले गेले ते सांगते. पहिली रक्ताची शुद्धता मागते, दुसरी न्याय मागते. बाबासाहेबांनी महार आणि मराठा यांची कुळे सारखीच आहेत हे दाखवले ते आपल्याला क्षत्रिय ठरवण्यासाठी नव्हे, तर अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही हे सिद्ध करण्यासाठी. पूर्वज त्याच दृष्टीने शोधायचे.

येऊ घातलेल्या जनगणनेतही हेच भान हवे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि १९३१ नंतर प्रथमच या मोजणीत सर्व जाती नोंदल्या जाणार आहेत. धर्म बौद्ध, जात दाखल्यावर आहे ती. यात विरोधाभास नाही. पहिला रकाना आपण कोण झालो ते सांगतो, दुसरा आपल्याला काय केले गेले होते ते.

मग करायचे काय?

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा कुणबी नोंदींसाठी राज्यातली दप्तरे उघडली. कोतवाल बुके, जन्म-मृत्यू रजिस्टरे, शाळांचे पट, १९५१ ची नागरिक नोंदवही, पोलीस आणि कारागृहांची रजिस्टरे, मोडी कागद, सगळे तपासले. ५० लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारनेच सांगितले. मराठा समाजाच्या मागणीचा वाद इथे घ्यायचा नाही. एवढेच दिसले की मनात आणले तर दप्तर उघडते, मोडी वाचणारा मिळतो, कागद स्कॅन होतो. मग त्याच पानावर, त्याच रकान्यात खालच्या ओळीला ‘महार’, ‘मांग’, ‘कोलाम’, ‘पारधी’ लिहिले होते, त्या ओळी का नाही घेतल्या?

म्हणून आपल्या मागण्या चार. एक, कोतवाल बुके आणि १९५१ च्या नोंदवह्या जातीजातीने न निवडता सरसकट स्कॅन करून गावनिहाय खुल्या करा. दोन, ज्या नोंदी राज्याच्याच ताब्यात आहेत त्या शोधून लावण्याची जबाबदारी राज्याची. अर्जदाराला तालुक्याच्या फेऱ्या मारायला लावू नका. तीन, १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती करून जुन्या जनगणनेचे शिल्लक कागद ठरावीक वर्षांनी खुले करा, आणि येत्या मोजणीचे कागद नष्ट करू नका. चार, बहिष्कृत समाजांच्या जुन्या दफनभूमींची मोजणी करून कलम २२ खाली त्यांची नोंद घ्या.

आणि काही कामे सरकारकडे मागायची नाहीत, आपणच करायची आहेत. ग्रामसभेत मसणवटीचा ठराव घ्या. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा आणि आधी तिच्या आईचे, आजीचे नाव लिहा. विहारात गावची एक नोंदवही ठेवा: जन्म, लग्न, मृत्यू, आईच्या नावासह. आपल्या वाडवडिलांनी साऱ्या गावाचे जन्म-मरण पायी चालत पोहोचवले, लिहिले मात्र दुसऱ्याने. आता लिहिणारा हात आपला आहे.

जय भीम!